पोलिसांसाठी 'सोबती': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील मुंबई पोलिसांत हवालदार होते. मी नायगावच्या पोलीस लाइनीत वाढले, पुढे समुपदेशन शिकले आणि आता पोलीस आणि त्यांच्या घरच्यांबरोबरच काम करते. खालचे प्रश्न मला पोलीस ठाण्याच्या आवारात, लाइनीच्या जिन्यावर आणि बरेचदा रात्री अकरानंतर फोनवर विचारले जातात. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण काही प्रश्नांवर खरंच जास्त बोलावं लागतं.

पीअर सपोर्ट म्हणजे नेमकं काय?

तुमच्यासारखीच वर्दी घालणारा, तुमच्याच हुद्द्याच्या आसपासचा आणि ऐकण्याचं थोडं प्रशिक्षण घेतलेला सहकारी. मी त्याला सोबती म्हणते. तो डॉक्टर नसतो आणि उपचार करत नाही. तो ऐकतो, गरज वाटली तर डॉक्टरांच्या दारापर्यंत बरोबर येतो आणि आठ दिवसांनी पुन्हा विचारतो, "काय रे, झोप लागते का आता?"

समुपदेशकाकडे जायला पोलीस बिचकतो. सहकाऱ्याशी बोलायला त्याला कमी अवघड जातं, कारण नाईटनंतरची सकाळ कशी असते हे सहकाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. तरीही एक अडचण राहते. पोलिसाचं आयुष्य जबाबात जातं. दुसऱ्याचा जबाब घ्यायचा, चौकशी लागली की स्वतःचा द्यायचा. तोंडातून निघालेलं वाक्य कुठल्या तरी कागदावर उतरतं आणि तो कागद पुढे कुणाच्या तरी टेबलावर जातो, हे त्याच्या हाडीमांसी भिनलेलं असतं. सोबत्याशी होणारं बोलणं हा जबाब नव्हे. हा भरवसा बसला तरच बाकीचं पुढे सरकतं.

मी बोललो ते सीनिअर साहेबांना कळेल का? सर्व्हिस बुकात येईल का?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि तो विचारणाऱ्याला मी कधी संशयी म्हणत नाही.

एका ठाण्यात तणावमुक्तीचं शिबिर होतं. दारात कागद ठेवला होता: नाव, बक्कल नंबर, सही. तीस-पस्तीस जणांनी सह्या केल्या, हाताची घडी घालून दोन तास बसले आणि चहा घेऊन गेले. एकानेही तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कागद हजेरी मास्तरांच्या टेबलावर, गणपती बंदोबस्ताच्या यादीशेजारी पडलेला मी पाहिला. कुणाचा वाईट हेतू नव्हता. उपस्थितीचा अहवाल वर पाठवायचा होता, इतकंच. पण त्या ठाण्यातल्या लोकांनी पुढे मला जे काही सांगितलं ते बाहेर, टपरीवर सांगितलं.

आता कायद्याचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ यांच्यावर रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन आहे. सोबती हा या व्याख्येतला व्यावसायिक नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत पोलीस सोबत्याशी झालेल्या बोलण्याला वेगळं कायदेशीर संरक्षण दिलं आहे. आपल्याकडे ते काम दलाच्या स्वतःच्या लेखी आदेशानेच व्हायला हवं. तोंडी आश्वासन चालत नाही, कारण साहेब बदलून जातात. माझ्या मते आदेशात निदान इतकं असावं: सोबत्याला कोण काय बोललं हे कुणी विचारणार नाही, विभागीय चौकशीत त्याला साक्षीला बोलावणार नाही आणि महिन्याला किती जण भेटले एवढा आकडा सोडून कसलीही नोंद ठेवली जाणार नाही.

अपवाद आहेत, आणि ते बोलणं सुरू होण्याआधीच सांगायचे असतात. माणूस स्वतःचा जीव देण्याच्या बेतात असेल, दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा गंभीर गुन्हा उघड होत असेल, तर सोबती गप्प राहू शकत नाही. हे अर्ध्यावर कळलं तर माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

'मानसिक' म्हणून शिक्का बसला आणि साइड ब्रँचला, म्हणजे बिनमहत्त्वाच्या शाखेत, टाकलं तर?

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. म्हणूनच सोबत्याकडे जाणं हे डॉक्टरकडे जाण्याच्या कितीतरी आधीचं पाऊल असावं. झोप उडाली, चिडचिड वाढली, लेकरावर हात उगारला गेला, इतक्यावरच बोलावं. या टप्प्यावर बहुतेकांना ना गोळी लागते ना रजा. शिक्क्याची वेळ येते ती दोन-तीन वर्षं गप्प राहिल्यावर.

हे परदेशी खूळ आहे का?

त्याची पद्धतशीर मांडणी परदेशात झाली, हे खरं. लॉस एंजलिस पोलिसांनी १९६८ मध्ये मार्टिन रायझर या मानसशास्त्रज्ञाला पूर्णवेळ नोकरीवर घेतलं. अमेरिकेतल्या पोलीस दलातला तो पहिला. पण एका मानसशास्त्रज्ञाने हजारो पोलिसांना कसं पुरायचं? शिवाय पोलीस त्याच्या खोलीत शिरायला तयार नव्हते. १९८१ मध्ये तिथे सहकाऱ्यांनाच प्रशिक्षण देऊन उभं करायला सुरुवात झाली. बॉस्टनमध्ये त्याच्याही आधी, १९७० च्या दशकात, दारूतून बाहेर पडलेल्या पोलिसांनी इतर पोलिसांना हात द्यायला सुरुवात केली होती. न्यू जर्सीमध्ये २००० पासून एक हेल्पलाइन चालते, आणि तिथे फोन उचलणाऱ्यांत निवृत्त पोलीस असतात. सरकार जागं झालं ते फार नंतर. अमेरिकेत पोलिसांच्या मानसिक आरोग्यासाठीचा केंद्रीय कायदा जानेवारी २०१८ मध्ये सहीनिशी लागू झाला.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कॅनडातल्या माँट्रियलने. तिथल्या पोलीस दलाने १९९७ मध्ये आत्महत्या रोखण्याचा कार्यक्रम सुरू केला. प्रत्येक पोलिसाला प्रशिक्षण, वरिष्ठांना वेगळं प्रशिक्षण आणि पोलीस स्वयंसेवकांनीच चालवलेली फोनसेवा. पुढच्या बारा वर्षांत तिथलं पोलिसांतलं आत्महत्येचं प्रमाण लाखामागे साधारण तीसवरून सहाच्या आसपास आलं. त्याच प्रांतातल्या बाकीच्या पोलीस दलांत तशी घट दिसली नाही. एका शहराचा अनुभव आहे, आकडे लहान आहेत, तेव्हा त्यावरून मुंबईचं गणित मांडता येणार नाही. पण सगळ्यांना एकदम शिकवल्याने 'मदत घेणारा वेगळा आणि आम्ही वेगळे' ही भिंत पडली, हे मला त्यातलं मोलाचं वाटतं.

सोबत ही गोष्ट मात्र आपल्याला कुणी शिकवायला नको. लाइनीत कुणाचा बाप बंदोबस्तात गेला तर शेजारची खोली रात्रभर उघडी असायची. त्या माणुसकीला थोडी शिस्त आणि गुप्ततेची हमी द्यायची आहे.

मोठी घटना झाली की सगळ्यांना एका खोलीत बसवून बोलतं करावं का?

नको. ऐकायला बरं वाटतं, पण घाई होते. १९८० च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत फार गाजली. घटनेनंतर दोन-तीन दिवसांत सगळ्यांना गोल बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते एकेकाने सांगायचं. पुढे अभ्यासांची छाननी झाली. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २००२ चा आढावा सांगतो की अशा एकाच बैठकीने पुढचा आघात टळत नाही, काहींना त्रास वाढण्याचीही शक्यता असते. जो अजून सावरलेला नाही त्याला दुसऱ्याचंही पाहिलेलं ऐकावं लागतं.

पहिल्या दिवशी पाणी, जेवण, घरी फोन आणि झोप. गाडी चालवत जाऊ न देता कुणीतरी घरी सोडणं. बोलावंसं वाटलं तर सोबती आहे, बळजबरी नाही. मग आठवड्याने विचारपूस, महिन्याने पुन्हा. आपल्याकडे पहिला दिवस बरा सांभाळला जातो. महिन्याने विचारायला कुणी उरत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गेलेल्यांची नावं आपण दरवर्षी घेतो, घ्यायलाच हवीत. त्या रात्री ड्युटीवर असलेले आणि सकाळी घरी परतलेलेही पुष्कळ होते. त्यातले काही अजून नोकरीत आहेत. नोव्हेंबर आला की त्यांच्याशेजारी जाऊन बसा.

माझ्या बाबतीत मोठं काही घडलंच नाही. तरी मन उठलंय. असं होतं का?

होतं, आणि हेच जास्त होतं. मुंबईच्या लोकल मार्गांवर, महासाथीची वर्षं सोडली तर, वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. त्या रुळांवर उतरतात ते रेल्वे पोलीस. बॉडी उचलणं, पंचनामा, नातेवाइकांना कळवणं, पुन्हा पुढची बॉडी.

एका रेल्वे पोलीस हवालदाराने मला सांगितलेलं इथे त्यांच्या परवानगीने लिहिते. पंचनाम्यात अंगावरच्या आणि जवळच्या प्रत्येक वस्तूची नोंद करावी लागते. एका मुलाच्या पिशवीत डबा होता. यांनी लिहिलं: स्टीलचा डबा एक, त्यात चपात्या तीन, भेंडीची भाजी. डबा अजून कोमट होता. लिहून झालं, बॉडी गेली, ड्युटी संपली. त्यानंतर दीड वर्ष बायकोने भेंडी दिली की डबा तसाच परत यायचा. तिला वाटायचं, बाहेर खाऊन येतात. घरात त्यावरून भांडणं झाली. ते मला म्हणाले, "मॅडम, रक्ताचं काही नाही. सवय आहे. पण तो डबा गरम होता."

त्यांना उपचार लागले नाहीत. तीन-चारदा बोलले, त्यातलं एकदा बायकोसमोर.

बारा-बारा तास उभं करता आणि वर म्हणता बोला. बोलून काय होणार?

राग योग्य आहे. झोप आणि सुट्टी आधी, बोलणं नंतर. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस या संस्थांच्या २०१९ च्या अहवालात देशभरातल्या पोलिसांचा कामाचा सरासरी दिवस चौदा तासांचा निघाला आणि जवळपास निम्म्यांना साप्ताहिक सुट्टीच नाही असं दिसलं.

मुंबईपुरतं बोलायचं तर सगळ्यात मोठा बदल देवनार पोलीस ठाण्यातून आला. तिथल्या एका शिपायाने आठ तासांच्या पाळ्यांचं वेळापत्रक स्वतः मांडून दाखवलं. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते मनावर घेतलं, मे २०१६ मध्ये देवनारला प्रयोग सुरू केला आणि पुढच्या वर्षी तो शहरभर नेला. मला ही गोष्ट सारखी सांगावीशी वाटते. मुंबई पोलिसांच्या तब्येतीसाठी झालेला सगळ्यात मोठा उपाय खालून आला, आणि वरच्याने तो ऐकून घेतला. पुढे बंदोबस्त, अपुरं मनुष्यबळ, निवडणुका यांत ते वेळापत्रक पुन्हा पुन्हा मोडतं, हे कुणाला सांगायला नको. करोनात एप्रिल २०२० मध्ये पंचावन्नच्या वरच्या पोलिसांना घरी थांबायला सांगितलं, तोही असाच वेळेवर घेतलेला साधा निर्णय होता.

अनंत चतुर्दशीनंतर आमचे वडील दुसऱ्या दिवशी दुपारी घरी यायचे. आई बादलीत मिठाचं गरम पाणी ठेवायची. बूट निघायचे नाहीत, पाय सुजलेले असायचे. मी लेस कापायचे, कारण गाठ सुटायची नाही. आई ओठांवर बोट ठेवायची, म्हणजे आम्ही काही विचारायचं नाही. ते बादलीत पाय ठेवूनच झोपून जायचे. त्या क्षणी त्यांच्याशी मन मोकळं करण्याविषयी बोलायला कुणी आलं असतं, तर आईने त्याला दारातून परत पाठवलं असतं, आणि बरोबरच केलं असतं.

म्हणून मी वरिष्ठांना सांगते, सोबती योजना ही सुट्टीच्या बदल्यात देऊ नका.

सोबत्यांचा गट म्हणजे मागच्या दाराने संघटना, असं साहेब म्हणतात. काय सांगायचं?

या संशयाला मुंबईत इतिहास आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये शिपायांची संघटना आणि सरकार यांच्यातला वाद पेटला, शहरात लष्कर उतरवावं लागलं, अनेकांना बडतर्फ केलं गेलं. जुन्या पोलीस वसाहतींतल्या म्हाताऱ्यांना ते दिवस आठवतात. त्याआधीपासूनच, १९६६ च्या कायद्याने, पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर मर्यादा आहेत.

साहेबांना सांगा की सोबती मागण्या मांडत नाही, सभा घेत नाही, निवेदन देत नाही. तो एका वेळी एका माणसाशी बोलतो. हे लेखी आदेशातच घालून घ्या, म्हणजे दोघांनाही निर्धास्त राहता येईल.

महिला पोलिसांसाठी वेगळा सोबती हवा का?

निवडीची मुभा हवी. महाराष्ट्रात भरतीत महिलांना तीस टक्के आरक्षण आहे, तेव्हा आता प्रत्येक ठाण्यात मुली आहेत. त्यांचे प्रश्न मात्र अजून 'किरकोळ' या सदरात जातात. बंदोबस्ताच्या दिवशी त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण शौचालय कुठे असेल आणि कसं असेल ते माहीत नसतं. मग मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, पाळीच्या दिवसांत चक्कर, आणि वर "तुम्हाला झेपत नाही" हे वाक्य. याला समुपदेशन हे उत्तर नाही. बंदोबस्ताचा आराखडा आखताना फिरतं शौचालय कुठे उभं राहणार हे आधी ठरवणं, हे उत्तर आहे. छळाची तक्रार असेल तर ती सोबत्याकडे अडकवून ठेवू नका, ती अंतर्गत तक्रार समितीकडे जायला हवी. सोबती बरोबर जाऊ शकते.

रोज दोन पेग घेतल्याशिवाय झोप येत नाही. हे व्यसन आहे का?

घेतल्याशिवाय येत नाही, असं तुम्हीच म्हणताय. डॉक्टरांना भेटा. रोज पिणाऱ्याने एकदम, एकट्याने बंद करू नये, त्यात जिवाला धोका असू शकतो. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या सभा मुंबईभर होतात, तिथे आडनाव विचारत नाहीत आणि हुद्दाही.

मी सोबती आहे. समोरचा "आता जगून काय करू" म्हणाला तर?

सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट त्याला हायसं वाटतं. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. घरचं एक माणूस बोलवा. ड्युटी शस्त्राची असेल तर ती त्या दिवसापुरती बदलून घ्या. साहेबांना "याला आज हत्यार नको" एवढंच सांगा, कहाणी सांगू नका. मग त्याच्याबरोबर केईएम, नायर, सायन यांपैकी जवळच्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा नागपाड्याच्या पोलीस रुग्णालयात जा. रात्रीची वेळ असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं.

गुन्हा दाखल होईल म्हणून लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतं, आणि जुन्या दंड संहितेतल्या ३०९ सारखं, आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारं कलम भारतीय न्याय संहितेत नाही. कलम २२६ आहे, पण ते लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं.

आणि नंतर तुम्ही स्वतः कुणाशी तरी बोला. सोबत्यालाही सोबती लागतो.

घरच्यांनी काय करावं?

दारातच प्रश्न विचारू नका. आधी अर्धा तास द्या. पण अर्धा तास म्हणजे कायमचा नव्हे. माझ्या आईने तीस वर्षं ओठांवर बोट ठेवलं, आणि आम्ही भावंडं वडिलांशी बोलायला शिकलो ते त्यांच्या निवृत्तीनंतर. मुलांना कळू द्या की बाबा रागावले आहेत ते तुमच्यावर नाही.

सोबती कोणी व्हावं?

ज्याच्याकडे लोक आधीच जातात त्याने. प्रत्येक ठाण्यात असा एक हवालदार असतो, ज्याला रजेचा अर्ज कसा लिहायचा इथपासून सासऱ्याशी कसं बोलायचं इथपर्यंत सगळं विचारतात. साहेबांनी नेमलेला नको. हजेरी लावणारा नको, ड्युटी वाटणारा तर नकोच. गोपनीय शाखेतलाही नको, माणूस कितीही चांगला असला तरी.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मी जोड्या लावते. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. एका गटात पन्नाशीचे एक सहायक फौजदार होते. समोरचा तरुण शिपाई आईच्या आजारपणाबद्दल बोलू लागला आणि यांनी नकळत खिशातून पेन काढलं, कागद पुढे ओढला आणि वर डाव्या कोपऱ्यात तारीख घातली. मुलगा बोलायचा थांबला. साहेबांनी वर पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. पेनाला टोपण लावलं आणि कागद उलटा केला. "बोल," म्हणाले, "कधीपासून आजारी आहे?" तेव्हापासून मी खोलीत पेन आणू देत नाही.

निवृत्त माणसाला हे करता येईल का?

येईल, आणि उत्तम करता येईल. त्याला कुणाची बदली करायची नसते, कुणाचा अहवाल लिहायचा नसतो. माझे वडील आता बदलापूरला राहतात. त्यांच्या जुन्या ठाण्यातली मुलं त्यांना अजून फोन करतात, बहुतेक रात्री. फोन वाजला की ते टीव्ही बंद करतात आणि गॅलरीत जाऊन बसतात. आई आत चहा ठेवते. कोण होतं, हे ती विचारत नाही.